सरोवर नसलेलं लोणार

लोणारचं सरोवर मी वर्षानुवर्षं जलरंगात काढत आलो: काठ, झाडी, कमळजा देवीचं देऊळ. आज यातलं काहीच घ्यायचं नाही, असं ठरवूनच बसलो. तरी हात वळला गोलाकडेच! पुसून टाकला.

चित्रकार गायतोंडे आठवले. जन्म नागपूरचा, १९२४चा. म्हणजे आपल्या विदर्भातलेच. मानवाकृती सोडून ते अमूर्ताकडे वळले, रोलरनं रंग चढवू लागले. मीही रोलरच घेतला. जून २०२०मध्ये खारट पाण्यात तगणाऱ्या सूक्ष्मजीवांनी सरोवर गुलाबी केलं होतं. तो गुलाबी तेवढा लावला. वर राखाडी थर दिला, ओला असतानाच सुरीनं खरवडला. खालचा गुलाबी फुटून आला, तिथं थांबलो.

शेजारचे काका डोकावले, "काय काढलं रे हे?"

सांगता येईना. सही कुठं करायची तेही कळेना. वरची बाजू कोणती, हेच अजून ठरायचंय.