सब्र कोणी करायचा?

घरात कोणी आजारी पडले तर आमच्या मोहल्ल्यातले लोक चांगल्या डॉक्टरचे नाव सुचवतात. नवरा-बायकोचे बिनसले, की मात्र प्रत्येक जण स्वतःच डॉक्टर होतो आणि नाडी न पाहता औषध देतो.

आम्ही दोघेही शिक्षक. लग्नानंतरची काही वर्षे एकीची शाळा बार्शीकडच्या एका गावात आणि बिऱ्हाड सोलापुरात. एसटीने जाण्यायेण्यात रोजचे चार तास जायचे. संध्याकाळी दमून आल्यावर रोट्या कोणी करायच्या, अम्मींच्या औषधाला कोणाच्या पगारातून पैसे काढायचे, यावरून खटके उडू लागले. पुढे बोलणेच बंद झाले. शेजारची भिंत सामाईक असल्याने ही शांतता लगेच सगळीकडे ऐकू गेली.

मग सल्ले सुरू झाले. ईदच्या दिवशी फुफी म्हणाल्या, "सब्र कर बेटी, मर्दां ऐसेच रहते." या फुफी स्वतः कित्येक वर्षे फुफांशी नातवामार्फत बोलतात. त्याच वेळी बाहेरच्या खोलीत मामू दुसऱ्याला सांगत होते, "बायकोला ढील देऊ नकोस." एकीने नमते घ्यायचे, दुसऱ्याने ताणून धरायचे, शीरखुर्मा मात्र दोघांना एकाच पातेल्यातला.

शेजारच्या खाला म्हणाल्या, "एक मूल होऊ द्या, सगळे ठीक होईल." मूल झाले. आता रात्री दोन वाजता कोणी उठायचे, हा नवा वाद. खाला म्हणाल्या, "दुसरे होऊ द्या!" एका मित्राने महाबळेश्वरला जाऊन यायला सांगितले. गेलो. तिथे भांडायला सकाळपासून वेळ मिळाला. सोलापुरात निदान शाळा तरी होती.

आमच्या लग्नात 'बहिश्ती जेवर'च्या तीन प्रती आल्या, तिन्ही नवरीसाठी. नवऱ्याला दोन घड्याळे आली, पुस्तक एकही नाही. डिप्टी नजीर अहमद यांच्या १८६९ सालच्या 'मिरातुल उरूस'मधली असगरीही आमच्या पाहुण्यांची लाडकी. थोरली अकबरी घर बिघडवते, धाकटी असगरी सावरते. "असगरी बन," असे प्रत्येक पाहुणा सांगून जायचा. नवऱ्याने काय बनावे, हे कोणी सांगितले नाही.

हे आज हसत सांगता येते, कारण आमच्या घरात हात कधी उगारला गेला नाही. जिथे मार आहे, तिथे 'सब्र कर' म्हणणे हा सल्ला नव्हे, ती मारणाऱ्याला मदत आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा कोणत्याही धर्माच्या स्त्रीला लागू आहे आणि त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. हे फुफींनाही माहीत हवे.

बाकीच्या भांडणांसाठी सूरह निसाच्या ३५ व्या आयतीत वाट दाखवली आहे : एक मध्यस्थ त्याच्या घरचा, एक तिच्या घरचा, आणि मनात समेटाची इच्छा. दोनच माणसे. त्यात सामाईक भिंतीचा उल्लेख नाही.

आमच्याकडे अखेर तसेच झाले. एका रविवारी तिचे भाईजान आणि याचे चाचा येऊन बसले. सल्ला ऐकायची आम्ही तयारी ठेवली होती. चाचांनी कागद मागितला. एसटीच्या वेळा, दोघांचे पगार, घरभाडे, दूध, अम्मींची औषधे, सगळे विचारून लिहिले. औषधाचा खर्च दोन्ही पगारांतून निम्मा निम्मा ठरला. भाईजानांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "चार तास ही प्रवासात असते. मग चूल पेटवायला हिचीच वाट का पाहायची?" त्या आठवड्यापासून रोट्यांपुढे दोघांची नावे आली. याने केलेल्या पहिल्या रोट्या पापडासारख्या कडक होत्या. पण रोटीला नावे ठेवायची नाहीत, असेही चाचांनी कागदावर लिहून घेतले होते.

खटके अजूनही उडतात, पण बोलणे बंद होत नाही. आता शाळेतले तरुण सहकारी आमच्याकडे सल्ला मागायला येतात. आम्ही आधी एवढेच विचारतो, "दोघे घरी किती वाजता पोहोचता?" पुष्कळांना तोवर हे कोणी विचारलेलेच नसते.