शत्रूच्या जहाजाचं बारसं

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये पडदा नसतो आणि पार्श्वसंगीतही नसतं. टेबलाभोवती चार-पाच माणसं, फासे, पेन्सिली, चहाचे कप आणि एक गेम मास्टर, एवढाच पसारा. गेम मास्टर प्रसंग सांगतो, खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीने काय करायचं ते ठरवतात आणि पुढे काय होईल याचा भरवसा नसतो तिथे फासे पडतात. मी बरीच वर्षं गेम मास्टर आहे आणि रमतो ते अंतराळातल्या कथांत. १९७७च्या 'स्टार वॉर्स'मध्ये सुरुवातीलाच शत्रूचं जहाज प्रेक्षकाच्या डोक्यावरून सरकत राहतं आणि संपता संपत नाही. त्या आकारानेच माणूस दबून जातो. माझ्याकडे ती सोय नाही. माझं जहाज खेळाडूंपुढे येतं ते आधी नाव होऊन. कोणीतरी गोदीत ते कुजबुजतं, कोणी रेडिओवर पुकारतं. म्हणून त्या जहाजाच्या तोफांवर घालवत नाही इतका वेळ मी त्याच्या नावावर घालवतो.

नव्याने खेळ चालवणाऱ्यांच्या वह्या मी पाहतो. खलनायकाच्या जहाजाचं नाव 'विनाशक', 'यमदूत', 'रक्तपिपासा' असं काहीतरी असतं. या नावांमध्ये खलनायक कुठेच नसतो, वही लिहिणारा असतो. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा असतो, आणि पाळण्याशी वाकताना तिच्या मनात भाच्याविषयी काही आशा असते. जहाजालाही अशी आत्या असते. ते कुठल्या तरी गोदीत बांधलं गेलं, कोणीतरी त्याचा खर्च मंजूर केला, कोणीतरी समारंभात उभं राहून अभिमानाने त्याचं नाव उच्चारलं. ती व्यक्ती कोण आणि त्या दिवशी तिला काय हवं होतं, हे आधी ठरवावं. नाव त्यातून निघतं.

भयंकर नावं वापरूच नयेत, असं माझं म्हणणं नाही. 'एक्झिक्युटर', 'डेव्हास्टेटर', 'अ‍ॅव्हेंजर' ही स्टार वॉर्समधल्या साम्राज्याच्या जहाजांची नावं त्या साम्राज्याला शोभतात, कारण भीतीच्या जोरावर राज्य करायचं हे तिथलं उघड धोरण आहे. खऱ्या आरमारांनीही हे केलं आहे. ब्रिटिशांचं 'टेरर' हे जहाज १८१३ साली पाण्यात उतरलं ते शत्रूच्या किल्ल्यांवर बाँबगोळे फेकण्यासाठी, आणि पुढच्याच वर्षी त्याने बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्रीवर ते फेकले. नाव आणि काम एकच होतं. पण वेस्ट एंड गेम्सने १९८७ साली स्टार वॉर्सचा रोलप्लेइंग गेम काढला आणि त्याच्या माहितीपुस्तकांचा आधार घेत टिमोथी झान यांनी १९९१ साली आपली कादंबरी आणली, तेव्हा त्यातल्या अ‍ॅडमिरल थ्रॉनच्या जहाजाचं नाव होतं 'काइमेरा'. सिंह, बोकड आणि सर्प एकाच देहात असलेला ग्रीक पुराणातला प्राणी. या नावात धमकी नाही. आणि शत्रूची चित्रं पाहून त्याचं मन ओळखणाऱ्या त्या सेनानीला ते फार शोभतं. मला हा सगळ्यात मोठा धडा वाटतो: नाव ऐकून जहाजापेक्षा जहाजावरचा माणूस डोळ्यांपुढे यावा.

इतिहास याहून पुढे जातो. ज्या जहाजांवर सर्वांत मोठी पापं घडली, त्यांतल्या कितींची तरी नावं सौम्य होती. १५६४ साली जॉन हॉकिन्स आफ्रिकेतली माणसं पकडून विकायला निघाला, तेव्हा राणी एलिझाबेथने त्याला दिलेल्या जहाजाचं नाव होतं 'जीझस ऑफ ल्यूबेक'. १७८१ साली 'झाँग' या जहाजावरून १३०हून अधिक आफ्रिकी माणसं जिवंत समुद्रात फेकली गेली आणि मालकांनी त्या 'मालाच्या' विम्याचा दावा लावला. ते जहाज मुळात डच. त्याचं पहिलं नाव 'झोर्ग', म्हणजे काळजी, निगा. १६९५ साली मक्केहून यात्रेकरू घेऊन सुरतेकडे परतणारं मोगलांचं 'गंज-ए-सवाई' ज्याने लुटलं, त्या हेन्री एव्हरीच्या जहाजाचं नाव 'फॅन्सी' होतं. पर्ल हार्बरवर विमानं सोडणाऱ्या सहा जपानी जहाजांपैकी दोन होती 'शोकाकू' आणि 'झुइकाकू': एक झेपावणारा क्रौंच, दुसरा शुभशकुनाचा क्रौंच. ही नावं ठेवणाऱ्यांना आपण दुष्ट आहोत असं वाटत नव्हतं. आपल्याला देवाचा, देशाचा किंवा निदान नशिबाचा आशीर्वाद आहे, असंच त्यांना वाटत होतं. खलनायक लिहिताना हीच गोष्ट हाताला लागायला हवी. २००१च्या 'हेलो' या व्हिडिओ गेमने ती अचूक पकडली. मानवजात नष्ट करायला निघालेल्या धर्मांध युतीच्या जहाजाचं नाव तिथे 'ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन' आहे, सत्य आणि सलोखा.

मग भयंकर नावं येतात कुठून? ती बहुतेक वेळा घाबरलेली माणसं ठेवतात. सोव्हिएत संघाच्या आर-३६एम या अवजड क्षेपणास्त्राला नाटोने 'सेटन' म्हटलं, सैतान. खुद्द रशियनांकडे त्याच्या पुढच्या आवृत्तीचं नाव 'वोयेवोदा', म्हणजे सेनापती. वस्तू एकच, पण एक नाव ती बाळगणाऱ्यांचं आणि दुसरं तिच्या टप्प्यात राहणाऱ्यांचं. हे ध्यानात आल्यापासून माझ्या प्रत्येक शत्रूजहाजाला मी दोन नावं देतो.

आमच्या सध्याच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक सत्रांत चालणाऱ्या सलग कथेत, एका दूरच्या ग्रहाभोवती बर्फाळ चंद्रांवर वसाहती आहेत. धान्य, बियाणं, हवा शुद्ध करायची यंत्रं, सगळं एका कंपनीकडून उधारीवर येतं. उधारी थकली की कंपनीचं जहाज येतं आणि वसुली करतं. आधी पाणी नेतं, मग बियाणं, मग धडधाकट माणसं. पहिल्या वसाहतीच्या गोदीत खेळाडूंना एक म्हातारी वेल्डर भेटली. अर्धी वसाहत रिकामी का, असं त्यांनी विचारलं. मी तिच्या तोंडी एवढंच घातलं, "अवकाळी येऊन गेली." खेळाडूंनी वहीत 'वादळ?' असं लिहून ठेवलं. पुढच्या चंद्रावर एक मुलगा म्हणाला, "अवकाळीनं बाबांना नेलं." आता त्यांना कळलं की ही अवकाळी म्हणजे पाऊस नव्हे. द्राक्षबागा आणि हरभरा आडवा करणारा हा शब्द मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचा असतो, त्यामुळे मला समजावून सांगावं लागलं नाही. मग एका सत्राच्या शेवटी त्यांच्या रेडिओवर शांत, मंजुळ आवाज आला: "पुरवठानौका अन्नपूर्णा आपल्या सेवेत हजर आहे. साठ्याची मोजणी पूर्ण होईपर्यंत कृपया कोणीही जागा सोडू नये." आमची पायलट झालेली मुलगी फासे हातात घेऊन बसली होती, तिने ते खाली ठेवले. अन्नपूर्णा आणि अवकाळी एकच आहेत हे टेबलावर कोणीही बोललं नाही. सगळ्यांना समजलं होतं. तोफांचे आकडे सांगून हा परिणाम मला साधता आला नसता.

शत्रू राष्ट्र असेल तर वेगळा विचार करावा लागतो. तिथे नाव त्याच्या इतिहासातून यावं. मराठी माणसाच्या कानावर 'अब्दाली' पडलं की १४ जानेवारी १७६१ आठवतो. अफगाणिस्तानात तोच अहमदशाह राष्ट्राचा संस्थापक म्हणून 'बाबा' आहे, आणि पाकिस्तानच्या एका क्षेपणास्त्राचं नाव अब्दाली, एप्रिल १९९८मध्ये पहिली चाचणी झालेल्या दुसऱ्याचं घौरी. उलट बाजूही आहे. इंग्रजांच्या कागदांत कान्होजी आंग्रे चाचे आहेत, आपल्याकडे ते सरखेल आहेत आणि मुंबईतला नौदलाचा तळ त्यांच्या नावाने 'आयएनएस आंग्रे' म्हणून उभा आहे. म्हणून मी प्रत्येक शत्रूराष्ट्रासाठी वहीचं एक पान राखतो: त्यांनी जिंकलेली एक लढाई, हरलेली एक, संस्थापक, एखादी नदी, बालपणी ऐकलेली एखादी गोष्ट. जहाजांची नावं फक्त या पानावरून उचलायची. खेळाडूंना पान कधीच दाखवत नाही, पण तिसरं-चौथं जहाज येईपर्यंत ते शत्रूचा इतिहास स्वतःच जुळवू लागतात.

एका नावामागे ताफा दिसला पाहिजे, हेही महत्त्वाचं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी छोट्या कॉर्व्हेट नौकांच्या एका वर्गाला फुलांची नावं दिली, 'ग्लॅडिओलस', 'ब्लूबेल', आणि त्यांना पाणबुड्यांच्या मागावर धाडलं. एकदा दोन फुलं ऐकली की तिसऱ्या फुलाचं नाव ऐकताच दर्यावर्दी समजून जातो की कोण आलं. त्या जर्मन पाणबुड्यांना मात्र नुसते आकडे होते. आकड्याची भीती निराळी. तो ऐकला की बाकीचे आकडे कुठे असतील हा प्रश्न मनात येतो. 'स्टार ट्रेक'मधल्या बोर्गांच्या घनाकार जहाजांना तर नावच नाही, आणि ज्यांच्यात व्यक्तीच उरलेली नाही त्यांना ते नसणंच योग्य.

कानाचा हिशेब कोणी सांगत नाही, म्हणून थोडं सांगतो. खेळात नाव वाचलं जात नाही, ओरडलं जातं. मी प्रत्येक नाव 'आली!' किंवा 'आला!' जोडून मोठ्याने म्हणून बघतो. मराठीत लिंग लगेच ठरवावं लागतं आणि त्याने जहाजाचा स्वभाव बदलतो. 'भैरव आला' म्हटलं की अंगावर धावून येणारं काहीतरी वाटतं, 'अन्नपूर्णा आली' म्हटलं की दार आपणच उघडतो. चार-पाच अक्षरांहून लांब नाव खेळाडू स्वतःच तोडतात, म्हणून ते कुठे तुटेल हे आधीच पाहावं. आणि एकाच कॅम्पेनमधली दोन जहाजं एकाच अक्षराने सुरू होऊ देऊ नयेत. अवकाळी आणि अन्नपूर्णा तेवढी अपवाद, कारण ती दोन जहाजं नाहीतच.

राहता राहिलं जहाज बुडाल्यावरचं. 'डॉइचलँड' नावाची युद्धनौका बुडाली तर देशच बुडाल्याची बातमी होईल, या धास्तीने हिटलरने १९४० साली तिचं नाव बदलून 'ल्युत्झॉव' करवलं. पराभवाचा विचार सहन न होणारा शत्रू रचायचा असेल तर याहून चांगला नमुना नाही. पण माझ्या मनात घर करून आहे ती उलट रीत. आपली 'आयएनएस खुकरी' ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवच्या किनाऱ्यापलीकडे पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली, आणि १९८९ साली नौदलाने नव्या नौकेला तेच नाव दिलं. गेलेल्यांची आठवण नाव पुढे नेऊनच राखतात. मग शत्रूच्या आरमारात असं होणार नाही, असं आपण का धरून चालतो? खेळाडूंनी अन्नपूर्णा उडवली तेव्हा टेबलावर जल्लोष झाला, आणि तो रास्त होता. पण तिच्यावर स्वयंपाकी होते, पाळी संपवून झोपलेले यंत्रचालक होते. मी त्यांची यादी केली. काही महिन्यांनी रेडिओवर पुन्हा ते नाव आलं: अन्नपूर्णा, दुसरी. तिची कप्तान त्या यादीतल्या एका यंत्रचालकाची मुलगी आहे. तिच्याशी बोलणी करायची की गोळे डागायचे, यावर आमच्या टेबलावर अजून एकमत झालेलं नाही.