सुटलेलं, झिजलेलं, कमावलेलं

मराठीत पोट सुटतं आणि शरीर कमावतात. दोन्ही क्रियापदं लहानपणापासून कानावर आहेत, पण शेजारी शेजारी ठेवून पाहिली ती परवाच. कातडं कमावतात, जमीन कमावतात, तालमीतली पोरं अंग कमावतात. तिन्ही ठिकाणी अर्थ एकच आहे: जे हाताशी आहे त्याच्यावर मेहनत घेऊन, वेळ देऊन ते उपयोगाचं करायचं.

आजवर मी वजन 'उतरवायला' निघत असे. या वहीत तो शब्द वापरायचा नाही, असं ठरवलं आहे.

*

जूनमधली पहिली नोंद. वय ४३. उंची १५७ सेंमी. वजन ८२ किलो. कंबर १०४ सेंमी. भारतीय बायकांसाठी ८० ही मर्यादा धरतात, पुरुषांसाठी ९०. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.२. साडेसहाला मधुमेह म्हणतात, म्हणजे उंबरठ्यावरच उभी होते. शाळेचा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागायचं. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागायचा.

दवाखान्यात एवढंच सांगितलं गेलं, "वजन कमी करा." कुठलं वजन, हे कोणी सांगितलं नाही. काट्यावर चरबी, स्नायू, हाडं, पाणी सगळं एकत्रच उभं राहतं.

*

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट इथे लिहून ठेवते. तीन महिने अर्धपोटी राहिले आणि ९ किलो गेले. सगळ्यांनी कौतुक केलं. पण तेव्हाच जिना जास्त जड झाला होता आणि भरलेली बादली उचलवत नव्हती. पुढच्या वर्षभरात ११ किलो परत आले. त्या ९ किलोंत चरबीबरोबर स्नायूही गेले होते, हे आता कळतं. शरीराला अन्न कमी पडलं आणि स्नायूंना काम दिलं नाही, तर ते स्नायूही मोडून खातं. परत आली ती मात्र बहुतेक चरबीच.

*

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघेही दिसायला सडपातळ.

याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपली बाळं लहान होती, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू.

हे वाचलं त्या रात्री बराच वेळ जागी होते. आपली उणीव जन्मापासून स्नायूंची आहे आणि आपण आयुष्यभर फक्त चरबीशी भांडतो.

*

स्नायूंचं आणि साखरेचं नातं. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात आणि साठवतात. कणगी लहान असेल तर धान्य अंगणात पडून राहणारच. कणगी वाढवता येते, आणि वापरून रिकामीही करता येते. बैठका काढल्या की दोन्ही होतं.

*

आमच्या कऱ्हाडला लागूनच गोळेश्वर आहे, कुस्तीगीर खाशाबा जाधवांचं गाव. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गट ५७ किलोचा होता. नुसता ५७ हा आकडा ऐकून त्या शरीराबद्दल काय कळलं असतं?

सकाळी इथल्या प्रीतिसंगमाच्या घाटावर चालताना हा विचार पुष्कळदा येतो.

*

एका ठिकाणी फलक पाहिला होता: ३० दिवसांत १० किलो. मी पैसे भरलेही होते. आता हिशेब मांडते. एक किलो चरबीत साधारण ७७०० उष्मांक असतात. दहा किलोंचे ७७,०००. तीस दिवसांनी भागले तर रोज अडीच हजारांहून जास्त तूट हवी. माझं शरीर दिवसभरात तेवढे उष्मांक खर्चच करत नाही. म्हणजे मी अन्नाचा कणही खाल्ला नाही, तरी ते घडणार नव्हतं. त्या महिन्यात जे गेलं ते बरंचसं पाणी होतं. शरीरातल्या साखरेच्या साठ्याबरोबर त्याच्या तिप्पट पाणी बांधलेलं असतं. साठा रिता झाला की तेही जातं, आणि एका सणाच्या जेवणाने परत येतं.

आता रोजची तूट चारशेच्या आसपास ठेवली आहे. महिन्याला एक-दीड किलो गेला तरी पुरे.

*

नवशिक्या, जाड माणसाला एक संधी असते आणि ती त्याला कोणी सांगत नाही. मुरलेल्या पैलवानाला चरबी घटवायची आणि स्नायू वाढवायचे ही दोन्ही कामं एकाच वेळी साधणं फार अवघड असतं. नव्या माणसाला ती साधतात. त्याच्या स्नायूंनी असं काम कधी केलेलंच नसतं, म्हणून थोड्या मेहनतीलाही ते भरभरून प्रतिसाद देतात. आणि अंगावरची चरबी हा साठवलेला शिधाच असतो.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या एका प्रयोगात जाड तरुणांचं जेवण चार आठवडे ४० टक्क्यांनी कमी केलं आणि त्यांच्याकडून आठवड्यातले सहा दिवस कडक व्यायाम करून घेतला. ज्यांना दर किलो वजनामागे २.४ ग्रॅम प्रथिनं मिळाली, त्यांची ४.८ किलो चरबी गेली आणि स्नायूंसह चरबीखेरीजचं वजन १.२ किलोने वाढलं. निम्मी प्रथिनं मिळालेल्यांची चरबी ३.५ किलो गेली. वाढ जवळपास काहीच नाही, पण घटही नाही. इतकी कडक तूट माझ्यासारखीने घेऊ नये. पण दिशा कळली.

*

व्यायाम सोमवार, बुधवार, शुक्रवार. प्रकार पाचच: बसून उठणं, ढकलणं, ओढणं, जमिनीवरून उचलणं, हातात वजन घेऊन चालणं. प्रत्येकाचे तीन सेट, एका सेटमध्ये आठ ते बारा वेळा. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. बारा वेळा सहज जमू लागलं की वजन थोडं वाढवायचं.

जिममधले सर पूर्वी कुस्ती खेळायचे. पहिल्या दिवशी त्यांनी वजनाला हातच लावू दिला नाही. लाकडी खुर्ची समोर ठेवली. "ताई, हिच्यावर बसा आणि हात न टेकता उठा. आठ वेळा."

सहा झाल्या. त्यांनी वहीत सहा लिहिलं आणि म्हणाले, "हीच आपली सुरुवात."

*

दंडांची पायरी: आधी भिंतीला हात टेकून. मग स्वयंपाकघराच्या ओट्याला. मग पलंगाच्या कडेला. मग जमिनीवर. भिंतीपासून ओट्यापर्यंत यायला पाच आठवडे लागले. ओट्यापासून पलंगापर्यंत अकरा.

*

पहिल्या दीड महिन्यात ताकद झपाट्याने वाढली, दंड मात्र तेवढेच दिसत होते. सरांना विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं: स्नायू वाढण्याआधी मज्जासंस्था शिकते. आहेत त्याच स्नायूंतले जास्त तंतू एका वेळी कामाला लावायला शिकते. आकार नंतर.

*

दुखण्याचे दोन प्रकार ओळखायला शिकले. मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरून येतात, जिना उतरताना कळवळायला होतं; ते आपोआप ओसरतं. गुडघ्यात किंवा खांद्यात एका जागी टोचतं, ते वेगळं. तिथे थांबायचं, वजन कमी करायचं, गरज पडली तर दाखवायचं. रक्तदाब असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, आणि उचलताना श्वास कोंडू नये. उचलताना सोडायचा, ठेवताना घ्यायचा.

*

प्रथिनांचा हिशेब. सुरुवातीला आठवडाभर खाल्लेलं सगळं लिहून काढलं. दिवसाला जेमतेम ४५ ग्रॅम निघाली. माझ्या उंचीला शोभेल असं ६० किलो वजन धरून, किलोमागे दीड ग्रॅम म्हणजे ९० ग्रॅम गाठायचं ठरवलं.

सकाळी दोन अंडी आणि पेलाभर दूध: २०. डब्यात घट्ट मटकीची उसळ, दोन भाकऱ्या, वाटीभर दही: २५. संध्याकाळी मूठभर फुटाणे: ८. रात्री सोयाबीनचे वडे किंवा कोंबडी, घट्ट वरण, दोन पोळ्या: ३२ ते ३५. पावडरीचा डबा आणला नाही. ती वाईट नसते. चक्का टांगल्यावर खाली जी निवळ गळते, त्याच जातीच्या पाण्यातली प्रथिनं काढून ती करतात. मला ताटातून भागतं, एवढंच. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी मात्र हे आकडे विचारल्याशिवाय उचलू नयेत.

*

शेंगदाण्यांबद्दल. आमच्या सातारा भागात कुटाशिवाय भाजी नाही. शंभर ग्रॅम दाण्यांत २५ ग्रॅम प्रथिनं असतात हे खरं, पण जवळपास निम्मं वजन तेलाचं असतं. मूठभर ठीक, वाटीभर नको.

तेल. घरात माणसं चार, महिन्याला पाच लिटरचा डबा. हिशेब केला: माणशी रोज ३४० उष्मांक नुसत्या तेलाचे. आता तीन लिटर लागतं. भाजी तीच, फोडणी तीच, पळीऐवजी चमचा.

एकादशी. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. उपास सोडला नाही, ताट बदललं: राजगिऱ्याची भाकरी, दही, दूध.

*

हे टिपण सगळ्यात महत्त्वाचं.

आमच्या घरात मी शेवटी जेवते. आई जेवायची, आजीही तशीच. शेवटी बसणारीच्या वाट्याला भात उरतो, रस्सा उरतो, पोळ्या उरतात. उसळीतली मटकी, रश्श्यातले तुकडे, वरणाचा घट्ट भाग आधीच संपलेला असतो. मग उरलेलं वाया जाऊ नये म्हणून तेही आपणच संपवतो. माझी चरबी आणि माझ्या स्नायूंची भूक, दोन्ही त्या शेवटच्या ताटात होती.

मी सासूबाईंना वहीतले आकडे दाखवले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "उद्यापासून तुझी उसळ आधी काढून ठेव. झाकून."

दुसऱ्या दिवशी मी दोन वाट्या झाकून ठेवल्या. एक त्यांचीही.

*

लोक म्हणतात, आजी कुठे जिमला जात होती? जातं ओढायची, दोन घागरी आणायची. खरं आहे. पण आजीचं शरीर कमावलेलं नव्हतं, झिजलेलं होतं. साठीत ती कमरेत वाकली.

मेहनतीने स्नायूला हलकी इजा होते आणि ताण बसतो. स्नायू भरून येतो अन्नाने आणि झोपेने. अन्न आणि विसावा मिळाला तर मेहनत कमावते, नाही मिळाला तर तीच मेहनत झिजवते. आजीच्या घागरीत आणि माझ्या डंबेलमध्ये फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

*

झोप. शिकागोतल्या एका छोट्या प्रयोगात दहा जाड माणसांना सारखंच मोजकं जेवण दिलं. चौदा दिवस साडेआठ तास झोपायला, आणि पुन्हा चौदा दिवस साडेपाच तास. वजन दोन्ही वेळा सारखंच, तीन किलोंच्या आसपास घटलं. पण भरपूर झोपले तेव्हा त्यात १.४ किलो चरबी होती, कमी झोपले तेव्हा ०.६.

पेपर तपासायला रात्री अकरानंतर बसणं बंद केलं. ते सुट्टीच्या तासाला होतात.

*

ऑक्टोबरात पाच आठवडे काटा हलला नाही. ७८.५ म्हणजे ७८.५. रडायला आलं होतं. सरांनी टेप आणायला सांगितलं. कंबर त्याच काळात ३ सेंमीने कमी झाली होती. सारख्याच वजनाची चरबी स्नायूपेक्षा सुमारे १८ टक्के जास्त जागा घेते.

तेव्हापासून काटा महिन्यातून एकदा, टेप पंधरवड्याने, आणि किती उचललं ते दर खेपेला.

*

"वजनं उचलून पुरुषासारखी दिसशील." शाळेत तीन जणींनी सांगितलं. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानाने फार कमी असतं. वर्षानुवर्षं खपल्याशिवाय तसे दंड होत नाहीत. आता त्यातल्या दोघी बुधवारी माझ्याबरोबर येतात.

*

डिसेंबर. वजन ७५.५. कंबर ९२. साखर ५.७. अजून ८० कुठे आणि ९२ कुठे, घाई नाही.

भरलेला गॅस सिलिंडर साधारण ३० किलोंचा असतो. काल तो दारातून ओट्याखाली मी एकटीने नेला. पाय रोवले, पाठ सरळ ठेवली, श्वास सोडत उचलला. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

*

बॉस्टनमधल्या वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या माणसांकडून १९९० सालच्या प्रयोगात आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतलं होतं. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या ७१ च्या आहेत. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, "ती खुर्ची कुठली घ्यायची म्हणालीस?"

*

सोमवार.
बैठका, हातात १२ किलो: १०, १०, ८.
पलंगाच्या कडेवर दंड: ९, ८, ८.
सिलिंडरएवढं वजन जमिनीवरून: १०, १०, १०. पुढच्या वेळी वाढवायचं.
सासूबाईंच्या खुर्चीवरच्या बैठका, हात न टेकता: ४.