बाळाची पहिली शाळा आपल्याच घरात

आपल्या समाजाला शिक्षणाची आस्था नाही, असे कोणीही म्हणणार नाही. अर्धपोटी राहून, अंगावरचा दागिना मोडून आपल्या आयाबायांनी मुले शिकविली. वह्या-पुस्तकांचे वाटप, दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार, विहारातील अभ्यासिका हे उपक्रम वस्त्यावस्त्यांतून होतात आणि ते झालेच पाहिजेत. परंतु या साऱ्या धडपडीत एक वय आपल्या नजरेतून सुटते. ते म्हणजे एक ते तीन वर्षांच्या बाळाचे. "अजून लहान आहे, शाळेत गेले की शिकेल," असे म्हणून आपण ती वर्षे सोडून देतो.

वास्तविक याच वर्षांत मेंदूची वाढ सर्वांत झपाट्याने होत असते. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच नमूद आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि वस्तीत अंगणवाडी आली. परंतु तेथील शिक्षण आहे ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी. त्याखालील बाळांना प्रामुख्याने घरी नेण्याचा आहार, वजन आणि लसीकरण मिळते. म्हणजे तीन वर्षांपर्यंत बाळाची शाळा म्हणजे त्याचे घर आणि शिक्षक म्हणजे घरातील माणसे. ही शाळा नीट चालली नाही, तर आपले मूल पहिलीच्या वर्गात बसण्यापूर्वीच मागे पडलेले असते. मग आपण नशिबाला बोल लावतो. बाबासाहेबांच्या अनुयायाने नशिबाला बोल लावावा, हे शोभत नाही.

आजीची भाजीची पाटी

आमच्या वस्तीतील एक भगिनी चार घरची धुणीभांडी करते. तिचा मुलगा अडीच वर्षांचा झाला तरी "आई", "दे" आणि "नको" एवढे तीनच शब्द बोलत असे. आई कामावर, बाप रिक्षावर. आजीच्या खाटेवर पोरगा आणि त्याच्या हातात मोबाइल. शेजारीपाजारी त्याला मुका म्हणू लागले. एका नातलगाने गंडा-दोरा सुचविला. आम्ही विहारातील तिघे-चौघे कार्यकर्ते त्यांच्या घरी गेलो. गंडा बाजूला ठेवा, अगोदर महापालिकेच्या रुग्णालयात बाळाचे कान तपासून घ्या, असे सांगितले. कान ठीक निघाले. घरातील माणसांनी त्याच्याशी भरपूर बोलावे, असे डॉक्टरांनी सांगितले.

आजी हिरमुसली. म्हणाली, "भाऊ, मला अक्षर वळखू येत न्हाई. म्या काय शिकवणार त्याला?"

या माऊलीने वीस वर्षे पाटी डोक्यावर घेऊन भाजी विकलेली. आम्ही म्हणालो, "आजी, तुम्हाला भाज्यांची जेवढी नावे येतात, तेवढी आम्हालाही येत नाहीत. तेवढीच त्याला सांगा."

दुसऱ्या दिवसापासून तिने भाजी निवडताना नातवाला पुढ्यात बसविले. हा बटाटा, बघ किती जड. हा कांदा, याची साल निघती. ही मेथी, वास घे. मोठे बटाटे या टोपलीत, लहान त्या टोपलीत. मोबाइल फळीवर गेला. पहिले आठ दिवस पोराने रडून घर डोक्यावर घेतले. पण आजी बधली नाही. तीन महिन्यांनी आम्ही गेलो तेव्हा त्याने कांदा खाली टाकून "आजी, कांदा पडला" असे स्वच्छ म्हटले. आजही तो बरोबरीच्या मुलांपेक्षा थोडा मागे आहे, रुग्णालयाच्या फेऱ्या चालूच आहेत. पण मुका हा शब्द वस्तीने सोडून दिला.

अक्षरशत्रू आजीसुद्धा बाळाची पहिली शिक्षिका होऊ शकते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

स्वयंपाकघरातील खेळ

महागडी खेळणी आणण्याची काहीएक गरज नाही. वर्ष-दीड वर्षाच्या बाळापुढे तीन-चार डबे आणि त्यांची झाकणे ठेवा. कोणते झाकण कोणत्या डब्याचे, हे त्याचे त्याला शोधू द्या. एकात एक बसणाऱ्या वाट्या द्या. लहान-मोठे, आत-बाहेर, भरलेले-रिकामे हे सारे गणित तेथेच सुरू होते. पत्र्याच्या डब्यावर चमचा बडवू द्या. कान किटतात हे खरे. पण जोरात आणि हळू यातला फरक बाळ त्यातूनच शिकते.

कणीक मळताना लिंबाएवढा गोळा त्याच्या हाती द्या. तो दाबेल, लांबवेल, गोल करील. उद्या याच बोटांनी त्याला पेन्सिल धरायची आहे. दोन वर्षांच्या मुलाला वाटाण्याच्या शेंगा सोलायला, मेथीची पाने खुडायला बसवावे. काम थोडे लांबते, सांडते. ते चालवून घ्यावे. मात्र सोललेला दाणा तोंडात जाणार नाही याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे.

पाण्याचा खेळ सर्व मुलांना प्रिय. वस्तीत नळ ठरल्या वेळी येतो, पाणी जपून वापरावे लागते, हे आम्ही जाणतो. पण अर्धा तांब्या पाणी, दोन पेले आणि एक स्पंजाचा तुकडा एवढ्यात अर्धा तास जातो. नंतर तेच पाणी तुळशीला नको, मिरचीच्या कुंडीला घालावे!

कपडे वाळत घालताना चिमटे त्याच्या हाती द्या. "निळा चिमटा दे," "बाबांचा सदरा कोणता?" असे विचारा. घड्या घालताना रुमाल त्याच्याकडे सोपवा. मुलगा असो वा मुलगी, काम दोघांनाही द्या. मुलीला पोळपाट आणि मुलाला मोटार, ही वाटणी मनूची आहे, आपली नव्हे.

टाकाऊतून खेळणी, घरचे पुस्तक

जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचा चेंडू करावा. बुटांच्या रिकाम्या खोक्याच्या झाकणाला फट पाडून पोस्टाची पेटी करावी; जुनी पाकिटे त्यात टाकण्यात बाळ रमून जाते. पाटी ओल्या बोटाने किंवा जाड ब्रशाने रंगवू द्यावी. रेघ उमटते, वाळते, पुन्हा उमटते. खडूलाही पैसे पडत नाहीत.

घरचे पुस्तकही करता येते. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा सारख्या मापाने कापावा. जुन्या दिनदर्शिका, वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका यांतील ठळक चित्रे खळीने चिकटवावीत आणि भोके पाडून दोऱ्याने बांधावे. बस, गाय, पाणी, पिंपळाचे पान. मधल्या पानावर तथागत, बाबासाहेब, माता रमाई, जोतिबा, सावित्रीमाई. रोज तेच पुस्तक दाखविले तरी बाळ कंटाळत नाही, उलट तेच मागते. वाचता न येणाऱ्या आईनेही ते वाचावे. बोट ठेवून विचारावे, "हे काय?" आणि मग मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबावे. उत्तर आपणच देऊन टाकू नये. त्या थांबण्यात बाळाचे शब्द तयार होत असतात.

बोलणे आणि गाणे यांनाही पैसे पडत नाहीत. जिना चढताना पायऱ्या मोजा. न्हाऊ घालताना नाक, कान, गुडघा यांची नावे घ्या. पदराआड तोंड लपवून "भॉ" करा. आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्या म्हणू द्या. वामनदादा कर्डक यांची भीमगीते आपल्या घराघरांत आहेत. त्यांच्या ठेक्यावर बाळाला टाळ्या वाजवायला शिकवा. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी कबीरपंथी होते. त्यांच्या घरी भजने आणि दोहे म्हटले जात. पुढे परळच्या डबक चाळीतील एका खोलीत त्यांनी मुलाच्या अभ्यासाची जागा केली. घर लहान होते, म्हणून त्या बापाचे लक्ष लहान झाले नाही.

विहारातील चपला

आमच्या विहारात रविवारच्या वंदनेला आया लहान मुले घेऊन येतात. मुले रडली की आयांना बाहेर जावे लागे. त्यावर एका उपासिकेने तोड काढली. वंदना संपता संपता ती दोन-तीन वर्षांच्या मुलांना दाराशी घेऊन बसते आणि चपलांच्या जोड्या लावायला सांगते. ही मोठी, ही छोटी, हिचा जोडीदार कुठे? पंधरा-वीस जोड्या रांगेने लागतात. मग सर्वांचे हात साबणाने धुतले जातात. मुलांना खेळ होतो, आयांना वंदना मिळते आणि विहाराच्या दारात शिस्त दिसते.

भगवान बुद्धांनी सात वर्षांच्या राहुलला खोटे न बोलण्याचा उपदेश केला, तो भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून. समोरची वस्तू दाखवावी आणि तिच्यातून शिकवावे, ही रीत धम्मात पहिल्यापासून आहे. त्यांनी भीती दाखविली नाही. आपण मात्र बाळ जेवत नाही की बागुलबुवा आणतो, झोपत नाही की भूत आणतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात भुताला जागा कशी? घाबरलेले मूल प्रश्न विचारत नाही आणि प्रश्न न विचारणारे मूल शिकत नाही.

मोबाइल आणि इतर धोके

मोबाइल दिला की बाळ गप्प बसते, हे खरे. पण गप्प बसणे म्हणजे शिकणे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की, दोन वर्षांखालील बाळाला पडदा दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासापेक्षा अधिक नको. जितका कमी तितका बरा. कामावरून दमून आलेल्या आईला आम्ही दोष देत नाही. पण ती भाकरी थापत असताना बापाने मोबाइलमध्ये तोंड न खुपसता बाळाला घ्यावे, एवढे सांगण्याचा अधिकार आम्ही घेतो.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा. हरभरा, शेंगदाणा, मणी, नाणे, बटण, घड्याळाचा सेल या वस्तू तीन वर्षांखालील बाळाच्या हाती येऊ देऊ नका. त्या घशात अडकतात आणि सेल पोटात गेला तर जिवावर बेतते. प्लास्टिकची पिशवी खेळायला देऊ नका. भरलेली बादली उघडी ठेवू नका. वीतभर पाण्यातही बाळ बुडते. चूल, स्टोव्ह, विळी यांच्यापासून दूर बसवा. खेळ कोणताही असो, मोठ्या माणसाची नजर हवी. आणि दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर पाहत नसेल, तर देवर्षीकडे नव्हे, डॉक्टरांकडे जा.

जमाखर्च

आम्ही पेशाने कारकून. जमाखर्च मांडल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. खर्चाच्या बाजूला डबे, चिंध्या, पुठ्ठा, अर्धा तांब्या पाणी. रुपये जवळजवळ शून्य. वेळ म्हणाल तर सकाळी कणीक मळताना पंधरा मिनिटे, दुपारी आजीजवळ पंधरा, रात्री बापाजवळ पंधरा. पाऊण तास झाला.

आता जमेची बाजू पाहा. जमैका हे गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांचे बेट. तेथील किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत १९८६ च्या सुमारास ९ ते २४ महिन्यांची, कुपोषणाने वाढ खुंटलेली १२९ मुले निवडण्यात आली. त्यांपैकी निम्म्या मुलांच्या घरी दोन वर्षे, आठवड्यातून एक तास, आरोग्यसेविका जात असे. ती आईला बाळाशी कसे बोलावे, कसे खेळावे हे दाखवी. खेळणी घरीच केलेली असत. ही मुले बावीस वर्षांची झाली तेव्हा त्यांची कमाई, अशी शिकवण न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक भरली. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. आपल्या महाराष्ट्रातही ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी शंख-शिंपले, बिया, पाने यांतूनच शिक्षणाची साधने केली. मुले बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तेथलाच.

कर्ज काढून अडीच वर्षांच्या मुलाला इंग्रजी पाटीच्या बालवर्गात घालणारे पालक आम्ही पाहतो. तेथे त्याला ए-बी-सी-डी घोकविली जाते आणि घरी कोणी त्याच्याशी बोलत नाही. फीचे ते पैसे पुढच्या शिक्षणासाठी ठेवा. तीन वर्षे पूर्ण होताच जवळच्या अंगणवाडीत नाव घाला, तेथे नीट शिकवतात की नाही हे स्वतः जाऊन पाहा, नसेल तर पाच आया मिळून विचारणा करा. तोवर घरची शाळा बंद पडू देऊ नका.

प्रत्येक विहारात महिला मंडळाने महिन्यातून एक रविवार यासाठी द्यावा. आयांनी आणि आज्यांनी एकत्र बसून एक पुठ्ठ्याचे पुस्तक, एक चिंध्यांचा चेंडू करून घरी न्यावा. जयंतीच्या खर्चातून चार पैसे बाजूला काढले तर खळ आणि पुठ्ठा सहज येतो. "शिका" हा बाबासाहेबांचा पहिला आदेश. त्याची अंमलबजावणी आज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या डब्या-झाकणांपासूनच सुरू करू या.

जयभीम!