खुराडं उशिरा का उघडतं

चि. बाय हिस,


परवा तू फोनवर विचारलंस की बाकीच्या वाडीत दिवस उजाडायच्या आत कोंबड्या मोकळ्या सुटतात, मग आपल्याकडेच खुराडं नऊशिवाय का उघडत नाही? फोनवर सांगायला बसलो असतो तर तुझ्या काकूने मध्येच फोन घेऊन तिची हकीकत सांगितली असती, म्हणून लिहून पाठवतो. त्यात तू तिथे न्यूकॅसलला कोंबड्या पाळायच्या म्हणतेस, तर हे तुला ठाऊक असलेलं बरं.

तो तुझ्या आजीने केलेला तह आहे. वरच्या घरच्या म्हातारीशी.

तू येतेस ती मे महिन्यात किंवा गणपतीत, त्यामुळे खळ्याची खरी मिजास तू पाहिलेली नाहीस. पाऊस सरला की खळं उकरायचं, पाणी मारून चोपायचं आणि मग शेणाने सारवायचं. भात झोडायचं तिथे, वाळवायचं तिथे, तुळशीचं लग्नही तिथेच. वरच्या म्हातारीचं खळं आरशासारखं असायचं. पहाटे उठून ती सारवून जायची, आणि ओल्या सारवणावर पहिली पावलं आमच्या कोंबड्यांची. नुसती पावलं उमटली असती तर चाललं असतं, पण कोंबडीला ओली जमीन दिसली की नखं शिवशिवतात. म्हातारी गडग्याशी येऊन ओरडायची, "तुझी कोंबडी माझ्या खळ्यात कित्याक येतत गो?" आजी म्हणायची, त्यांना सातबारा वाचता येत नाही.

दुसरं भांडण अंड्यांचं. आमच्या दोन तलंगांना अंडी घालायला म्हातारीची गवताची उडवी पसंत पडली. आजी अंडी आणायला गेली की म्हातारी आडवी. "अंडा घालूक माझां गवत, आणि खावक तू?" या प्रश्नाला अजून मला उत्तर सुचलेलं नाही.

दुसऱ्याच्या शेतात गुरं शिरली तर त्यांना कोंडवाड्यात नेण्याची सोय इंग्रजांनी १८७१ सालीच कायद्याने करून ठेवली. त्या कायद्यातली 'गुरं' म्हणजे कोण कोण याची यादी एका वकिलाने मला वाचून दाखवली होती. त्यात हत्ती आहे, उंट आहे, गाढव, डुक्कर, शेळी, मेंढी, सगळी आहेत. कोंबडी नाही. म्हणजे शेजाऱ्याचा हत्ती आला तर कायदा आहे आणि कोंबडी आली तर तोंड आहे.

पण तह झाला तो खळ्यामुळे किंवा अंड्यांमुळे नव्हे. मुंगसामुळे.

कोल्हा, रानमांजर, उदमांजर ही रात्रीची किंवा झुंजुमुंजूची गिऱ्हाइकं. कवाड नीट लावलं तर बाहेरच फिरत राहतात. मुंगूस दिवसाढवळ्या येतं, माणसं जेवायला बसली की. आलं की एक उचलून जाईल तर तेही नाही. पिलांच्या घोळक्यात शिरलं तर हाती लागतील तेवढ्यांच्या माना फोडतं आणि नेतं एकच. अंडं सापडलं तर पुढच्या पायांत धरून मागच्या पायांमधून दगडावर आपटतं. इतकं अक्कलहुशार जनावर, त्याचा रागही धड येत नाही. त्या वर्षी आजीची पिलांची फळीच्या फळी गेली. मुंगूस राहायचं कुठे, तर आमच्या आणि म्हातारीच्या मधल्या गडग्यात. जुना चिऱ्यांचा गडगा, मातीशिवाय रचलेला, आत पोकळ्याच पोकळ्या. त्यावर म्हातारीच्या बाजूने करवंदीची जाळी चढलेली. आमच्या बाजूची भोकं आजीने बुजवली, तर ते तिकडच्या भोकातून आत जाई आणि गडग्यावरून इकडे उतरे. अर्धा गडगा बुजवून काही उपयोग नसतो. म्हातारीने करवंदी तोडू दिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि तेव्हा दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

आजीने काय केलं, तर एक खुडूक कोंबडी बारा अंड्यांसह टोपलीत घातली आणि म्हातारीच्या पडवीत नेऊन ठेवली. वाट्याने. एकवीस दिवसांनी जी पिलं निघतील त्यातली निम्मी तुझी, निम्मी माझी, कोंबडी शेवटी माझी. शेळी वाट्याने देतात तशी. म्हातारीने आढेवेढे घेतले, पण टोपली परत केली नाही. पिलं निघाली आणि आठवडा व्हायच्या आत ती स्वतः कोयता घेऊन करवंदीत उतरली. कारण आता मुंगूस तिचंही खात होतं.

मग दोघींनी बसून बाकीचं ठरवलं. खळं सुकेपर्यंत, म्हणजे नऊपर्यंत, आमचं खुराडं बंद. उडवीत घातलेलं अंडं म्हातारीचं. मे अखेर शेतात धूळवाफेवर भात पेरलं की उगवून येईपर्यंत दोन्ही घरच्या कोंबड्या कोंडलेल्या, कारण कोरड्या मातीतलं बियाणं म्हणजे त्यांना जेवणाचं आमंत्रणच. आणि गडग्याची डागडुजी दर दिवाळीनंतर अर्धी अर्धी.

यातली गंमत अशी की आजीला वाटत होतं आपण शेजारणीसाठी पडतं घेतोय, आणि फायदा झाला आमचाच. कोंबडी बहुतेक करून सकाळच्या प्रहरात अंडं घालते. नऊपर्यंत कोंडून ठेवली की बहुतेक अंडी खुराड्यातच पडतात, मग उडवीकडे जाण्याचं कारण फारसं उरत नाही. कोल्ह्याची शेवटची फेरी उजाडता उजाडता असते, तीही चुकते. सकाळच्या गारठ्यात दंवात भिजून पिलं आखडतात, तेही टळतं. एका कवाडाने इतकी कामं केली, तेव्हा तुझ्या आजोबांनी नियम तसाच चालू ठेवला आणि मीही ठेवला.

वरून येणाऱ्याचं मात्र कवाडाने भागत नाही. घार आणि शिकरा पिलांवर येतात. शिकरा जास्त वाईट, झाडांतून खालच्या अंगाने येतो, दिसेपर्यंत पिलू गेलेलं. त्याला उपाय म्हणजे पिलं मोठी होईपर्यंत डालग्याखाली, आणि खळ्याच्या कडेला अबोली, तगर अशी खाली दाट असलेली झाडं, पळून शिरायला. आणि कोंबडा. तू नीट ऐकलंस तर कळेल, घार दिसली की त्याचा आवाज निराळा आणि कुत्रं, मुंगूस जमिनीवरून आलं की निराळा. पहिल्याला कोंबड्या झुडपाखाली दबतात, दुसऱ्याला माना उंच करून बघतात. वरच्या घरची म्हातारी आमच्या कोंबड्याचा आवाज ऐकून आपली पिलं आत घ्यायची.

साप उंदरांमागून येतात आणि उंदीर दाण्यामागून. म्हणून रात्री खुराड्यात कण्या, कोंडा काही ठेवत नाही. सापाला, घोरपडीला, मुंगसाला मारायचं नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. कायदा नसता तरी मुंगूस गेलं की नाग वाढतो, असं आजी म्हणायची. तिला ते गडग्यातून हटवायचं होतं, एवढंच.

आता तुझ्या गावाचं. तुम्ही राहता त्या न्यूकॅसलजवळ १९२६ साली कोंबड्यांचा एक रोग ओळखला गेला आणि त्याला तुमच्या गावाचं नाव पडलं. आमच्याकडे तोच रोग राणीखेत, आणि वाडीत मानमोडी. तो गडगा बघत नाही. लसीची कुपी शेकड्याने कोंबड्यांना पुरेल एवढी मोठी असते आणि एकदा पाण्यात कालवली की काही तासांत संपवावी लागते. घरटी पाच-सात कोंबड्या असताना एकट्याने आणली तर ओतूनच द्यावी लागणार. म्हणून आजही आम्ही लस आणतो ती सगळ्या वाडीची मिळून, एकाच दिवशी. त्या दिवशी कोणाचं कोणाशी भांडण असलं तरी ते दुपारनंतर.

म्हातारी गेली, आजी गेली. वरचं घर मुंबईच्या एकाने घेतलंय, सुट्टीत येतात. त्यांना खळं नाही, लाद्या आहेत. तक्रार कोंबड्याची. पहाटे तीनला आरवतो, झोपमोड होते. तीनला का आरवतो, असं मला विचारलं. २०१३ साली जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की कोंबड्याला उजेडाची वाट बघावी लागत नाही, त्याच्या शरीरातच घड्याळ असतं. हे मी त्यांना पेपरातलं कात्रण दाखवून सांगितलं. त्यांना फारसं आवडलं नाही. तू पाठवलेली फ्रान्सची बातमीही तोंडावर आली होती, ओलेरॉन बेटावरच्या मॉरिस कोंबड्याची. २०१९ मध्ये कोर्टाने त्याला आरवायची मुभा दिली आणि २०२१ मध्ये तिथे खेड्यांतले आवाज नि वास जपायचा कायदाही झाला. पण कोर्टात जिंकून शेजार मिळत नाही, म्हणून गप्प बसलो. ते आले की कोंबडा बुटक्या डालग्याखाली, पडवीच्या आतल्या कोपऱ्यात. मान ताणायला जागा नसली की आरवणं निम्म्यावर येतं. थांबत नाही. वाट्याने कोंबडी द्यायची तर ते इथे राहत नाहीत, आणि अंडी दिली तर पैसे विचारतात. अजून मार्ग सापडलेला नाही.

तुझ्यासाठी सांगायचं ते असं. कोंबडा घेऊच नकोस. अंड्याला कोंबडा लागत नाही, पिलं हवी असतील तरच लागतो. तुमच्याकडे १ ऑक्टोबर २०२४ पासून एक कोंबडी पाळली तरी सरकारात नोंद करावी लागते, आणि स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं घालायला बंदी आहे. ते दोन्ही आधी नीट बघून घे. तुमचा कोल्हा भर वस्तीत फिरतो, तेव्हा जाळी पातळ तारेची नको, जाड वेल्ड केलेली, अर्ध्या इंचाची घे. ती जमिनीत पुरण्यापेक्षा खुराड्याच्या कडेपासून बाहेरच्या बाजूला हातभर आडवी पसर आणि वर माती टाक. उकरणारं जनावर भिंतीला लागूनच उकरायला घेतं, त्याला मागे सरकून सुरुवात करायचं सुचत नाही.

आणि खुराडं विकत घ्यायच्या आधी भिंतीपलीकडच्या त्या आजोबांना बोलाव आणि विचार, कुठे बसवू. जागा त्यांनी दाखवली की मग वासाची तक्रार ते स्वतःकडेच करतील. गुलाब लावतात म्हणालीस, त्यांना कोंबडीखत देऊ कर. ताजं मात्र देऊ नकोस, मुळं जळतात, निदान एक पावसाळाभर कुजू दे. तुमच्याकडे पावसाळा नेमका कधी संपतो ते मात्र तूच ठरव.

तुझा,
काका