कोरा चौकोन

शब्दकोडे म्हणजे पेन्शनरांचा वेळ घालवण्याचा उद्योग आणि शास्त्रीय गाणे म्हणजे नुसते 'आऽऽ आऽऽ', अशी आपल्या वस्तीत थट्टा होते. माझ्या घरातही ती होत आली आहे. पण या दोन नादांनीच मला जिवाभावाचे दोन मित्र दिले आणि धम्माच्या आचरणाविषयी एक प्रश्नही डोक्यात घालून ठेवला. तो वाचकांपुढे मांडावा म्हणून हा लेखनप्रपंच.

मी साताऱ्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये होतो. कालकथित आप्पा सातारा-सांगली गाडीवर कंडक्टर. आपलेच धम्मबांधव, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. १९८८ साली त्यांची गाडी ब्रेकच्या कामासाठी आमच्याकडे आली, तेव्हा कंडक्टरच्या सीटवर घडी घातलेला पेपर सापडला. कोडे अर्धे सुटलेले. 'एक राग, तीन अक्षरी', मधले अक्षर 'र'. ऑइलच्या हातानेच मी तिथे 'मारवा' लिहून टाकले. दुसऱ्या दिवशी आप्पा वर्कशॉपच्या दारात हजर. "मारवा कोणी लिहिला? मी 'सोरठ' धरून बसलो होतो. त्याला जयभीम घालायला आलोय!"

तेव्हापासून आमचा पेपर फिरू लागला. सकाळी साताऱ्याला सोपे शब्द मी भरायचे, कराडच्या स्टँडवर गाडी थांबली की चहाबरोबर आप्पा आणखी पाचसहा भरायचे, आणि अडलेले सगळे संध्याकाळी मिरजेला चाचांकडे जायचे. चाचा सतारी-तंबोरे करणारे कारागीर. मिरजेची ही वाद्ये साऱ्या देशात जातात. २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पंढरपूर भागातला जाड सालीचा भोपळा मांडीवर घेऊन चाचा काम करीत असत आणि आप्पा समोर बसून ओळी वाचत. मुलूख, कसब, तजवीज असे फारसी वळणाचे शब्द चाचांचे. रागांची नावे तिघांची. संस्कृत शब्दांपाशी मात्र तिघेही अडखळायचो. तेव्हा आप्पा म्हणायचे, "बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वतःच्या जोरावर मिळवलेच ना? मग आपण कोड्यापुरते तरी मिळवू."

माझ्या आईला कोडे मुळीच आवडत नसे. त्यालाही कारण होते. एके काळी कोड्यांवर मोठमोठी रोख बक्षिसे लागत आणि गिरणीतले कामगार पगारातून प्रवेशफी भरत. शेवटी १९५५ साली केंद्र सरकारने कायदा करून महिन्याला हजार रुपयांहून जास्त बक्षिसाच्या स्पर्धा बंद केल्या. आईच्या लेखी मात्र आडवे-उभे चौकोन म्हणजे मटक्याचा धाकटा भाऊच राहिला.

आता मूळ मुद्दा. आप्पा पक्के धम्माचरणी. बावीस प्रतिज्ञा नुसत्या पाठ नव्हत्या, अंगी होत्या. आणि मराठी कोडे तर देवांनी गजबजलेले! शंकराचे नाव, विष्णूचा अवतार, गणपतीचे वाहन. हे चौकोन आप्पा कोरे ठेवायचे. "ठाऊक आहे, पण माझ्या हाताने लिहिणार नाही," म्हणायचे. गंमत अशी, की 'हेरंब'चे चौकोन त्यांनी सोडले तरी वरून 'हेवा' आणि 'बकुळ' उतरले की दोन्ही टोके आपोआप भरायची. मधला 'रं' तेवढा राहायचा. आप्पांचा सगळा निषेध त्या एका चौकोनात मावलेला असे.

मी वाद घालायचो. पहिल्या तीन प्रतिज्ञांत या देवांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही असे आहे. नाव ठाऊक नसावे असे कुठे आहे? बाबासाहेबांनी पुराणे उलटीपालटी करून वाचली म्हणून तर 'रिडल्स' लिहिता आले. आप्पा ऐकून घेत आणि चौकोन कोराच ठेवीत.

गाण्यात हा पेच अधिक कठीण झाला. आम्ही दोघेही गाणे शिकलो ते रेडिओवर. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झाले आणि आमच्यासारख्यांच्या घरात ख्याल आला तो त्या वाटेने. रेडिओ आडनाव विचारीत नाही. एका गावातल्या संगीत मंडळात आम्ही तिकीट काढून गेलो, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी आधी गाव विचारले, मग आडनाव, आणि मध्यंतरानंतर त्यांची खुर्ची दोन रांगा पुढे गेलेली होती. आप्पा म्हणाले, "बरे झाले, आता पाय लांब करता येतील." हसले, पण परतीच्या गाडीत कराडपर्यंत बोलले नाहीत.

मी त्यांना गंगूबाई हनगल यांची गोष्ट सांगितली. लहानपणी शेजारच्या बागेतला आंबा तोडला तर 'गाणाऱ्या बाईची पोर' बागेत शिरली म्हणून बोलणी खाल्ली, आणि पुढे नाव झाल्यावर त्याच लोकांनी घरी बोलावून जेवू घातले. आप्पांना ती पटली नाही. "म्हणजे आधी गंगूबाई व्हायचे आणि मग जेवायचे?" असे त्यांचे उत्तर. मला आजही त्यावर काही सुचत नाही.

१९९३ च्या उरुसाला चाचांनी आम्हां दोघांना मिरजेला बोलावून घेतले. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात चर्मकार समाजाचा मानाचा गलेफ चढतो, हे अनेकांना ठाऊक नसते. त्याच आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. १९३७ साली मद्रासेकडच्या प्रवासात त्यांना मरण आले, आणि त्यांच्या स्मरणार्थ इथे दर उरुसाला रात्रभर गाणे होते. तिकीट नाही, खुर्ची नाही. सतरंजीवर ज्याला जागा मिळेल तिथे तो बसतो. आप्पा हरखून गेले होते. मध्यरात्री एका गायकाने मालकंस धरला आणि बंदिश निघाली कृष्णाची. आप्पा शांतपणे उठले आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले.

मला राग आला. एवढ्या लांब आणून हे! मी मागोमाग जाऊन नको ते बोललो असतो, पण माझ्याआधी चाचा पोहोचले होते. ते माझ्याच बाजूने बोलतील अशी माझी खात्री. म्हणतील, खाँसाहेब मुसलमान असून कृष्णाचे गात होते, तुम्हाला काय झाले? पण ते म्हणाले, "आप्पासाब, मालकंसात रिषभ नाही, पंचम नाही. म्हणून मी आज तंबोऱ्याची तार पंचमावरून मध्यमावर उतरवून दिली. आता एखाद्याने म्हटले, पंचम घालाच, तर राग मोडेल. तुम्हीही दोन सूर सोडलेत. सोडा. पण बाहेर का बसलात? सोडलेले सूर काय दर्ग्याबाहेर बसतात?"

आप्पा कितीतरी वेळ गप्प होते. मग आत आले आणि पहाटेपर्यंत बसले. बंदिशीच्या शब्दांना मान खाली, तानेला मान डोलते आहे, हे मी तिरक्या नजरेने पाहत होतो. परत जाताना गाडीत मी पुन्हा प्रतिज्ञांचा विषय काढला, तर म्हणाले, "बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. वाद्याला बोल नसतात बघ." त्यांनी पराभव कबूल केला की मलाच उत्तर दिले, ते कळले नाही. बाबासाहेबांचे व्हायोलिन पुण्याला सिंबायोसिसच्या संग्रहालयात आहे. पुढे आम्ही दोघे मुद्दाम जाऊन ते पाहून आलो.

त्याच वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी आप्पांचे पाकीट आले. रद्दी वेबिलाच्या पाठीवर पट्टीने आखलेले त्यांचे स्वतःचे कोडे. एकही देव नाही. 'यमन' आडवा आणि त्याच्या मधल्या 'म'मधून 'मगध' उभा. 'केदार'च्या पोटातून 'दान' खाली उतरलेले. 'मालकंस'ची ओळ अशी दिलेली: 'दोन सूर सोडून पूर्ण होतो', आणि त्याच्या 'ल'वर वरून येऊन टेकलेले 'शील'. आमच्या विहारात त्या दिवशी ते फळ्यावर काढले, तेव्हा पोरांना रागांची नावे येईनात आणि म्हाताऱ्यांना मगध! शेवटी बायकांनी सर्वांत जास्त शब्द सोडवले, कारण रात्री रेडिओ त्यांच्याच स्वयंपाकघरात चालू असायचा.

पुढे दर वर्षी त्यांचे एक कोडे यायचे. पेपरातल्या कोड्यातला तो एक चौकोन मात्र त्यांनी अखेरपर्यंत भरला नाही, आणि मी तो भरायचे कधी सोडले नाही.

आप्पा २०११ साली गेले. पुण्यानुमोदनाला चाचा मिरजेहून आले होते. त्रिशरण-पंचशील चालू असताना उभे राहिले, हात जोडून. नंतर आम्ही दोघांनी आप्पांच्या शेवटच्या कोड्याचा कागद काढला. त्यात एक ओळ आहे: 'मिरजेचा, गेला तरी ऐकू येतो, तीन अक्षरी'. हा शब्द दुसऱ्या कशालाच जोडलेला नाही, म्हणजे कोड्याच्या नियमाने चुकीचाच. मी तिथे 'तंबोरा' लिहिले आहे. चाचा म्हणतात 'करीम'. आप्पांना विचारले होते, तेव्हा ते नुसते हसले होते.