कॉमर्सला गेलेली माणसं

ज्यांना मार्क पडतात ती मुलं सायन्सला जातात, ज्यांना कविता होतात ती आर्ट्‌सला जातात आणि ज्यांना यातलं काहीच होत नाही ती कॉमर्सला जातात, असा आपल्याकडे एक समज आहे. मी कॉमर्सला नाव घातलं तेव्हा आमचे मामा म्हणाले, "हरकत नाही." पेशंटचं आता काही खरं नाही हे कळल्यावर डॉक्टर ज्या आवाजात 'हरकत नाही, मागेल ते खायला द्या' म्हणतात, अगदी तोच आवाज!

अशा माणसाला, पॅरिसमध्ये १८१९ साली व्यापार शिकवण्याची शाळा निघाली होती आणि ती अजून चालू आहे, हे कळल्यावर केवढं बरं वाटावं! ईएससीपी तिचं नाव. जगातली सर्वांत जुनी बिझनेस स्कूल ती हीच म्हणे. आदल्या वर्षी इकडे पेशवाई बुडाली होती. आणि त्याच १८१९ त जॉन स्मिथ नावाचा एक गोरा अधिकारी वाघाच्या शिकारीला म्हणून निघाला तो अजिंठ्याच्या लेण्यांत पोहोचला आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर स्वतःचं नाव कोरून मोकळा झाला. सहलीला गेलेली मुलं पुढे जे करू लागली त्याचे आद्य गुरू हेच.

या शाळेच्या उभारणीत जाँ-बातिस्त से या अर्थशास्त्रज्ञाचा हात होता. हे गृहस्थ आम्हां बी.कॉम.वाल्यांच्या ओळखीचे. पुरवठाच आपली मागणी निर्माण करतो, हा त्यांचा नियम आम्ही पाच मार्कांसाठी पाठ केलेला आहे. बी.कॉम. झालेल्यांचा पुरवठा आमच्याकडे कित्येक वर्षं जोरात आहे. से साहेबांनी एकदा औरंगपुऱ्यात येऊन मागणी दाखवावी! पुढे १८३० पासून शाळा अडोल्फ ब्लांकी यांनी चालवली. त्यांचा सख्खा भाऊ ऑग्युस्त पक्का क्रांतिकारक. भांडवलवाल्यांचं राज्य उलथवण्याच्या खटपटीत त्याची तीसहून अधिक वर्षं तुरुंगात गेली. एक भाऊ व्यापारी घडवतोय, दुसरा उलथवतोय. त्या माउलीने दिवाळीला दोघांना एका पाटावर कसं बसवलं असेल, देव जाणे.

ही सगळी माहिती मी हौसेने काढली नाही. आमच्या बँकेत कर्जाच्या टेबलावर एक फाइल आली. गुलमंडीवरचे एक कापडवाले, सोबत त्यांची मुलगी. मुलीला या शाळेत प्रवेश मिळाला होता. तीन वर्षांचा पदवीचा कोर्स, आणि तो तीन देशांत! शाळेचे वर्ग पॅरिस, लंडन, बर्लिन, माद्रिद, तुरीन, वॉर्सा अशा गावोगावी भरतात. आमचं बी.कॉम.सुद्धा तीन वर्षांत तीन ठिकाणी झालं म्हणा: पहिलं वर्ष वर्गात, दुसरं कँटीनमध्ये आणि तिसरं झेरॉक्सच्या दुकानात.

"साहेब, धंदा काय शाळेत शिकायची गोष्ट आहे?" कापडवाले म्हणाले. "आमचे आजोबा चौथी नापास. पण व्याजाचा आकडा तोंडावर!"

त्यांचं अगदीच चूक नव्हतं. नाशिकच्या पांडवलेण्यांतला एक शिलालेख पाहा. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी नहपान राजाचा जावई उषवदात याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून तीन हजार कार्षापण कायमचे ठेवले. दोन हजार शेकडा दरमहा एक टक्क्याने, हजार पाऊण टक्क्याने. मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च. ही चक्क मुदत ठेव झाली, तीही मुदत नसलेली! आणि जावई पैसे ठेवून गेल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण. यातल्या एकाही विणकराने कॉमर्स केलेलं नव्हतं.

मग कॉमर्सचं कॉलेज लागतं कोणाला? मुंबईत सिडनहॅम कॉलेज १९१३ साली निघालं, आशियातलं पहिलं. १९१८ च्या नोव्हेंबरात तिथे अर्थशास्त्राचे एक नवे प्राध्यापक आले. पगार साडेचारशे. दुसऱ्या कॉलेजांतली मुलं परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसत. आणि प्राध्यापकांच्या खोलीतल्या भांड्यातलं पाणी त्यांनी घेऊ नये म्हणून काही सहकारी कुरकुरत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचं नाव. तिथला पगार साठवून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ साली निघाला. आणि १९५० मध्ये याच गृहस्थांच्या संस्थेने आमच्या गावात कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद. तोवर मराठवाड्यातल्या पोराने पदवी घ्यायची म्हणजे हैदराबादची गाडी धरायची. ज्याच्या बापाची गादी आहे तो गादीवर शिकतो. ज्याला गादी नाही, त्याच्यासाठी हे बाक.

या मुलीच्या बापाची गादी होती, चांगली गुबगुबीत. पण तिच्यावर बसायचा धाकटा भाऊ, बारावीला दोनदा बसलेला. ही दुकानात जायची ती जेवणाचा डबा घेऊन. हे तिनेच मला सांगितलं, वडील सहीचा पेन शोधत होते तेव्हा.

"काका, मी चार वर्षं डबा नेलाय," ती म्हणाली, "उधारी कुठे अडकलीये ते मला माहितीये."

सर्वसाधारण नियम असा, की साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज गेलं की तारण आलं. मी रक्कम, दर, मुदत सांगितली. कापडवाल्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि माझा कॉम्प्युटर चक्र फिरवत होता तेवढ्यात हप्ता सांगितला. आजोबांचं रक्त!

"बाबा, शिक्षण चालू असतानाचं व्याज धरलं नाही तुम्ही," मुलगी म्हणाली. "हप्ते नंतर सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं." आणि तिने दुसरा आकडा सांगितला.

कापडवाल्यांनी पुन्हा डोळे मिटले. या वेळी जरा जास्त वेळ. कॉम्प्युटरवर आकडा आला, तो तिचाच होता. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला, पण त्यांनी तिकडे बघितलं नाही. ते मुलीकडे बघत होते.

"तारणाला दुकान चालेल ना?" त्यांनी विचारलं.